अंबाझरीच्या मधोमध

मला पाण्याची भीती वाटते ही गोष्ट मी एकतिसाव्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती. मनीषनगरात तेव्हा नुकते प्लॉटांचे लेआउट पडले होते, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. रोज सकाळी सायकलवर टांग मारायची, रेल्वे फाटकाशी थांबायचं, वर्धा रोडनं सीताबर्डी ओलांडायची आणि सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस गाठायचं. मी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर टेबलावर वाकून कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचो. धरणाचा आडवा छेद मी डोळे मिटून काढला असता, पण कुठल्याही धरणाच्या पाण्यात गुडघ्याच्या वर उतरलो नव्हतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक कारकून बसायचा. माझ्याच वयाचा, उंच, रुंद खांद्यांचा, मोठ्यानं हसणारा. महाल भागातलं त्यांचं जुनं घराणं, भोसल्यांच्या काळापासून नागपुरात. माझा ऑफिसातला तो एकुलता मित्र. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी, पावसाळा सरता सरता, तो डबा उघडायच्या आधीच बोलायला लागला.

"आमच्या व्यायामशाळेत एक रिटायर सुभेदार येतात ना, ते शर्यत ठेवून राहिले. फेब्रुवारीत. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. एकाच दिवशी. मधात थांबायचं नाही."

"मरायचं आहे का?"

"अबे, विदेशात लोक करून राहिले हे. ट्रायथलॉन म्हणतात." हा शब्द त्यानं दोनदा चुकवून तिसऱ्यांदा नीट म्हटला. "अंबाझरी आरपार जाऊन परत यायचं, दोन किलोमीटर होते. मग सायकलनं बाजारगाव आणि वापस. मग पंधरा किलोमीटर धावायचं. तू धावतो, सायकल चालवतो. तुझ्यासाठीच आहे हे."

धावण्यात मी चांगला होतो हे खरं. खात्याच्या स्पर्धांत दोनदा पहिला आलो होतो. त्यानं विचारलं, "पोहता येते ना गा तुले?"

मी म्हणालो, "येते ना."

एवढं खोटं मी का बोललो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमचं मूळ गाव उमरेडच्या पुढे. गावात दोन विहिरी होत्या आणि दोन्हींवर आमच्या वस्तीतल्या माणसांनी चढायचं नाही असा रिवाज होता. छप्पन साली वडिलांनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली, तेव्हा मी दोन वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर होतो म्हणतात. घरातले देव गेले, विहिरी तिथेच राहिल्या. ज्या पाण्याला हात लावायचा नाही त्यात पोहायला कोण शिकणार? आमच्या वस्तीत एकाही माणसाला पोहता येत नव्हतं.

मी सहा वर्षांचा असताना शेजारची एक मुलगी गावाबाहेरच्या खदानीत पडली. पावसाचं पाणी साचून तिथे तळं झालं होतं. वस्तीतली तीसेक माणसं धावत गेली आणि काठावर उभी राहिली. माझे वडील त्यांत होते. कुणी धोतर सोडून फेकलं, कुणी बांबू आणायला पळालं. मुलीचा हात एकदा वर आला, मग एकदा केस दिसले. गावातून पोहणारा माणूस आला आणि त्यानं लगेच उडी घेतली, त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण तो आला तेव्हा पाणी शांत झालं होतं. त्या वर्षीच वडील आम्हाला घेऊन नागपूरला आले, गिरणीत लागले. खदानीचं नाव घरात कधी निघालं नाही. महालातल्या माणसाला हे सगळं सांगत बसण्यापेक्षा "येते ना" म्हणणं सोपं होतं.

तीन दिवस मी घरी गप्प होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी बायको भाकरी थापत होती, तिला सांगून टाकलं. ती आधी हसली.

"अवो, खरंच तुमाले पोवता येत नाही? म्या समजत होती का सगळ्यांलेच येते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसणं गेलं. तव्यावरची भाकरी तिनं उतरवली. "भेव लागते का?"

मी मान हलवली.

माझी बायको पवनीकडची, वैनगंगेच्या काठची. माझे सासरे उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी लावायचे. वाडी पल्याडच्या वाळूत असायची आणि मधला प्रवाह पार करून घरातली सगळी पोरं तिकडे जायची. ती पाचव्या वर्षी पोहायला शिकली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"दिवाळीच्या सुटीत मायच्या घरी जाऊ," ती म्हणाली. "आठ दिवसांत शिकवतो तुमाले."

ती बोलताना 'शिकवतो', 'करतो' असंच म्हणायची, तिकडच्या बायका म्हणतात तसं.

नदीचं पाणी दिवाळीत बरंच असतं. गावाच्या खालच्या अंगाला एक उथळ जागा होती, तिथे सकाळी कुणी येत नसे. बायकोनं आईचं जुनं लुगडं काष्टा मारून नेसलं आणि माझ्या कमरेला दोरीनं वाळलेला भोपळा बांधला. एकतीस वर्षांचा सरकारी नोकर, कमरेला भोपळा. सासूबाई वरून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. पाणी छातीला लागलं तसे माझे दात वाजायला लागले, आणि ते थंडीनं नव्हतं. पायाखालची वाळू सरकते आहे असं वाटलं. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं.

"सोडा मले."

"नाही सोडत."

"बरं, नका सोडू. तोंड पाण्यात घाला आन् फुंका. डोळे उघडे ठेवा."

डोळे उघडे ठेवणं सगळ्यात कठीण होतं. पाण्याखाली पिवळट उजेड होता आणि त्यात मला काहीही दिसू शकेल असं वाटायचं. पहिले तीन दिवस मी फक्त तोंड घालून बुडबुडे काढत होतो. चौथ्या दिवशी तिनं मला पाठीवर झोपवलं, मानेखाली हात दिला आणि माझ्या नकळत तो काढून घेतला. सहाव्या दिवशी मी वीस हात पोहलो. आठव्या दिवशी तिनं भोपळा सोडला. मी बुडालो नाही. पण भीती कमी झाली म्हणावं तर तसंही नव्हतं. मला फक्त भीत भीत पोहता यायला लागलं होतं.

नोव्हेंबरपासून अंबाझरीवर सराव सुरू झाला. सकाळी सहाला तलावावर धुकं असायचं. आम्ही चार-पाच जण कपडे काढून कुडकुडत उभे राहायचो. सुभेदार कानटोपी घालून, गळ्यात शिटी अडकवून काठावरून ओरडायचे, "हात लंबा! सांस छोड! सांस पकडून काय करतो, बाजारात विकतो काय?" माणूस कडक होता, पण कुणाला जबरदस्तीनं खोल पाण्यात ढकलत नसे. मी काठाकाठानं पोहायचो. नदी वाहती होती, तिच्या तळाशी वाळू होती. इथलं पाणी काळं, थांबलेलं, आणि खाली शेवाळ. ते पायाला गुंडाळलं की मी पाय झटकत काठाकडे सरकायचो. मी मनात आकडे मोजत राहायचो, कारण आकडे थांबले की ती खदान डोळ्यांपुढे यायची.

सायकलवर जीवात जीव यायचा. तिथेही ट्रक अंगावर यायचे. अमरावती रोडवर संत्र्यांनी भरलेला एक ट्रक इतका चिकटून गेला की मी सायकलसकट कच्च्यात उतरलो आणि कोपर सोलून घेतलं. पण ट्रकची भीती ट्रक गेला की जायची. पाण्याची भीती ऑफिसातही माझ्याबरोबर टेबलाशी बसायची. रविवारी तलाव म्हटला की शनिवारी दुपारपासून मला जेवण जायचं नाही.

मित्र पाण्यात मासोळीसारखा होता. महालाजवळच्या शुक्रवारी नावाच्या तलावात लहानपणापासून पोहलेला. डिसेंबर संपता संपता त्यानं ओळखलं. "तुले येत नव्हतं ना गा पोहणं? खोटा बोलला बे तू." मी कबूल केलं. तो हसला आणि म्हणाला, "चल, मी आहे ना बाजूले." तेव्हापासून तो माझ्यासाठी वेग कमी करून शेजारी पोहायला लागला.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सुभेदारांनी आम्हा दोघांना पहिल्यांदा तलाव पूर्ण पार करायला सांगितलं. बाकीचे त्या दिवशी आले नव्हते. सुभेदार स्वतः सायकलनं वळसा घालून पल्याडच्या काठावर गेले. त्यांनी शिटी वाजवली आणि आम्ही निघालो. धुक्यात समोरचा काठ दिसत नव्हता, मधून मधून फक्त शिटी ऐकू येत होती.

मी चारशे हात मोजले. मधोमध आलो असू. मित्र माझ्या उजव्या बाजूला होता. अचानक त्याचे हात थांबले.

"थांब गा," तो म्हणाला. "पाय धरला. पोटरीत गोळा आला."

मी मान वर काढली. त्याचा चेहरा वाकडा झाला होता. एकदा तो खाली गेला, पाणी थुंकत वर आला आणि त्यानं माझा खांदा धरला. दोन्ही हातांनी. मी सरळ खाली गेलो. माझ्या तोंडात, नाकात ते काळं पाणी शिरलं. मला आठवतं ते इतकंच की मी गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही पायांनी त्याच्या छातीवर जोरात लाथ मारली. त्याची बोटं सुटली. मी वर आलो आणि पोहायला लागलो. तोही मागे वर आला होता, त्याच्या खोकण्याचा आवाज मी ऐकला. मी वळून पाहिलं नाही. मी ओरडलो नाही. शिटी वाजत होती त्या दिशेनं मी हात मारत राहिलो. मागून पाणी खळबळल्याचा आवाज आला, मग तो आवाजही बंद झाला.

काठ लागला तेव्हा मी चार पायांवर रांगत वर आलो. सुभेदारांनी माझ्या मागे पाण्याकडे पाहिलं.

"दुसरा कुठी आहे?"

मी तोंड उघडलं. आवाज निघेना. मी पाण्याकडे बोट दाखवलं. सुभेदार पाण्याच्या कडेनं पळायला लागले, शिटी सोडून ओरडायला लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग धुक्यातून एक मासेवाला आला. ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून, हातानं पाणी मारत ही माणसं तेव्हा तिथे जाळी लावायची. त्याच्या ट्यूबवर मित्र आडवा पडला होता. जिवंत होता. खोकत होता, ओकत होता, पण जिवंत होता.

मासेवाल्यानं त्याला काठावर उतरवलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तो परत पाण्यात गेला.

आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो ब्लँकेटमध्ये थरथरत होता. त्यानं माझा हात धरला. "तू आवाज दिला ना? मले ऐकू आला. 'अरे धरा, धरा' म्हणून." तो आवाज मासेवाल्याचा असणार, माझा नव्हता. मी तसं सांगायला हवं होतं. मी त्याचा हात दाबला फक्त. त्याला ते उत्तर पुरलं.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. मित्र दोन दिवसांनी कामावर आला आणि येईल-जाईल त्याला सांगायला लागला, "यानं आवाज दिला म्हणून मी वाचलो. स्वतःले धड पोहता येत नाही याले." प्रत्येक वेळी माझ्या हाताला घाम सुटायचा आणि ट्रेसिंग पेपरवर डाग पडायचा.

संक्रांतीला त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं. त्या घरी मी पूर्वी तीनचारदा गेलो होतो, प्रत्येक वेळी बाहेरच्या खोलीत, चहा पिऊन परत. त्या दिवशी मला आत नेलं. त्याच्याच शेजारी पाट, त्यांचंच ताट. आईनं स्वतः वाढलं. तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवताना त्यांचे डोळे भरून आले. "माझं पोर तुझ्यामुळे घरी आलं रे बाबा," त्या म्हणाल्या. मी लाडू तोंडात घातला. तो गिळता येईना. मला वाटलं, आता दार वाजेल आणि तो मासेवाला आत येईल.

त्यानंतर मी तलावावर गेलो नाही. मला ताप आल्याचं सुभेदारांना कळवलं. मासेवाला भेटेल याची भीती होती, पाण्याची होती, आणि मित्राच्या प्रेमानं बोलण्याची सगळ्यात जास्त होती. दहाव्या दिवशी बायकोनं विचारलं, "तब्येत तर ठीक दिसून राहिली. काहून जात नाही तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. लाथेचंही. ती चुलीपुढे बसून ऐकत होती.

"लाथ मारली ते मारली," ती म्हणाली. "बुडणारा माणूस धरतेच. समोरून त्याच्या हाती लागायचंच नाही, बाबानं आमाले पयले तेच शिकवलं होतं. नाही सुटले असते तर दोघंही गेले असते." ती थांबली. "पण ओरडले काहून नाही?"

"आवाज निघाला नाही."

"आन् मंग? नंतर? दवाखान्यात जातानी? त्याच्या मायच्या घरी?"

 तिनं समजूत घातली नाही. विस्तव पुढे ओढत ती म्हणाली, "त्याले सांगा."

"तो काय म्हणेल?"

"म्हणल ते आयकून घ्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी त्याला शुक्रवारी तलावाच्या काठावर घेऊन गेलो. त्याच्या घरापासून ते जवळ होतं. मी जे घडलं ते घडलं तसं सांगितलं.  तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होता. माझं सांगून झाल्यावर त्यानं शर्टाच्या वरून छातीवर हात ठेवला.

"म्हणजे ती लाथ होती," तो म्हणाला. "अजून दुखून राहिलं. मले वाटलं, ट्यूबचा मार लागला."

"माफ कर," मी म्हणालो.

"आवाज तरी द्यायचा होता गा." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "मी खाली जाऊन राहिलो होतो आणि मले वाटून राहिलं होतं, हा आहे, हा काही ना काही करेल."

 कठड्यापासून दूर होत तो म्हणाला, "आईले सांगू नको. तिले झेपणार नाही. आणि शर्यतीत माझ्या आसपास पोहू नको."

तो घराकडे वळला. मी सायकल हातात धरून सीताबर्डीपर्यंत चालत गेलो, बसायचं सुचलंच नाही.

ऑफिसात तो कामापुरतं बोलायचा. डबा घेऊन तो दुसऱ्या खोलीत जायला लागला. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "उन्हाची जागा आहे तिकडे." माझं नाव त्यानं कुणापुढे काढलं नाही, आणि आवाज दिल्याची ती गोष्टही पुन्हा कुणाला सांगितली नाही.

मी शर्यत सोडायचं ठरवलं होतं. बायको म्हणाली, "सोडा. पण सोडलं का मंग जन्मभर त्या पाण्यापासून पळसाल." रविवारी सकाळी ती स्वतः सायकलच्या कॅरिअरवर बसली. मग दर वेळी तलावाच्या काठावर शाल गुंडाळून ती सुभेदारांच्या शेजारी उभी राहायची, आणि मी काठाकाठानं हात मारायचो. थकवा आला, दम तुटला की पाठीवर कसं पडायचं, हे तिनं माझ्याकडून शंभरदा करवून घेतलं. सुभेदारांनी एकदा तिला विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या क्लबात शिकल्या?" ती म्हणाली, "टरबुजाच्या वाडीत."

मासेवालाही एका सकाळी भेटला. जाळं गोळा करत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तोच म्हणाला, "तुमचा दोस्त बरा आहे ना?" मी हो म्हणालो. "पाणी पाहून मोठमोठे लोक पळतात, भाऊ," म्हणत त्यानं ट्यूब खांद्यावर घेतली आणि निघून गेला.

शर्यतीच्या सकाळी आम्ही चौदा जण होतो. दोन डोंगे पाण्यात सोडले होते, एकात सुभेदार. काठावर व्यायामशाळेची मंडळी, काही बघे. मित्र रांगेच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला.  लघवीला दोनदा जाऊन आलो होतो, तिसऱ्यांदा लागली होती. शिटी वाजली.

पहिले दोनशे हात ठीक गेले. बाकीचे पुढे निघून गेले, त्यांच्या पायांचा फेस दिसेनासा झाला. पार जाऊन मी वळलो. परतीच्या वाटेवर, मधोमध, कशानं तरी माझ्या घोट्याला विळखा घातला. शेवाळच होतं. पण मला तो हात वाटला. आकडे तुटले. मी श्वास आत घेतला आणि बरोबर पाणी आलं. काठ एकदम फार लांब गेला. छातीत धडधड इतकी की कान बंद झाले. मी बुडतो आहे हे मला अगदी स्पष्ट कळलं.

आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही. नंतर काठावरचे लोक म्हणाले, 'माय' म्हणून ओरडला. गुरासारखा आवाज होता तो, पण निघाला. मी पाठीवर पडलो, आभाळाकडे तोंड केलं आणि ओरडत राहिलो. डोंगा आला.

"धर डोंग्याच्या काठाले," सुभेदार म्हणाले. "ओढून घ्यायचं नाही. नुसता धर. दम घे."

मी लाकूड धरलं. 

"वर येतो काय?"

मला वर जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण पाय वर टाकायचं धाडससुद्धा अंगात नव्हतं, आणि काठावर बायको उभी होती, तिची लाल शाल दिसत होती. मी म्हणालो, "तुम्ही जवळ राहा."

"आहे. तू चाल."

उरलेलं अंतर मी डोंग्यापासून चार हातांवर राहून काढलं. दर दहा हातांनी मान वळवून तो आहे की नाही ते बघत होतो. पाण्यातून मी शेवटचा बाहेर आलो. बायकोनं टॉवेल दिला आणि म्हणाली, "लय मोठा आवाज आहे तुमचा."

सायकलवर मी चौघांना गाठलं. अमरावती रोडवरचं वाडी गाव मागे पडलं, बाजारगाव आलं, ट्रक बाजूनं जात होते आणि मला त्यांची काही भीती वाटत नव्हती. अंगात ताकद कुठून आली कळत नव्हतं. धावायला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. शेवटचे दोन किलोमीटर राहिले असताना समोरून मित्र येताना दिसला. त्याची शर्यत संपली होती, तो तिसरा आला होता. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. तो वळून माझ्या बाजूनं धावायला लागला.

"पाणी पी. डोक्यावर नको ओतू, पी."

मी प्यालो. बाटली त्यानं परत घेतली.  शेवटच्या वळणापर्यंत तो बरोबर होता, मग बाजूला झाला. मी नववा आलो.

यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बाटली दिली म्हणून डबा एकत्र झाला नाही. पूर्ण उन्हाळा तो दुसऱ्या खोलीतच जेवला. त्याच्या आई पुढे आजारी पडल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो दाराशी उभा होता. त्यानं आईला काही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्या पावसाळ्यात गेल्या. स्मशानातून परतताना तो आपणहून माझ्या सायकलबरोबर चालला, रेल्वे फाटकापर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात, एका रविवारी, पहाटेचं धुकं अजून उतरलं नव्हतं तेव्हा आमच्या दारात सायकलची घंटी वाजली. बाहेर तो उभा होता, गळ्यात टॉवेल.

"चालतो का तलावावर?" त्यानं विचारलं.

 शनिवारी आधी सांगितलं असतं तर मी काहीतरी कारण काढलं असतं. बायको आतून बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"थांब," मी म्हणालो, "कपडे घेतो."